पहिलं फळ कुणाच्या दारात

देठाकडची चकती जिभेला लागली आणि मी तोंड धरून मोरीकडे धावले. चूळ भरली, परत भरली, वरून गुळाचा खडा चघळला, तरी तोंड कडूच. कारलं कडू असतं, मेथी कडू असते, पण त्या कडवटपणाला काही रीतभात असते. हा दुधी जिभेवरून हटायलाच तयार नव्हता.

"काय झालं?" आमचे हे पेपर खाली ठेवून आत आले.

"दुधी कडू निघाला."

"मग टाक की. एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात. गार्डाच्या डब्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला हिरवा आणि लाल बावटा सोडून दुसरं काय कळणार. माझ्या आईची शिस्त होती, दुधी असो की काकडी, देठाकडची चकती आधी जिभेला लावायची, मगच विळीवर धरायची. आमच्या माहेरच्या गल्लीत एका बाईनं कडू दुधीची भाजी तशीच रेटून खाल्ली होती. रक्ताच्या उलट्या होऊन गेली बिचारी. मी तेव्हा परकर नेसत होते, पण तिच्या घरासमोरची गर्दी मला अजून दिसते.

"अहो, वेलावरनं काल दोन काढलेत," मी म्हटलं. "सिस्टरनी माझ्यासमोर काढले. एक हा आपल्या पाळीचा. दुसरा कुठाय?"

आता त्यांचाही चेहरा बदलला.

या गोष्टीला पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली. आमच्या मिरजेत स्टेशनच्या मागच्या अंगाला तीन गल्ल्यांच्या मध्ये एक मोकळी जागा होती. जागा कसली, उकिरडाच. आम्ही तिन्ही गल्ल्यांनी मिळून तो उपसला, माती आणून टाकली आणि बाग केली. वांगी, घेवडा, पालक, मांडवावर दोडका आणि दुधी. भाजी निघाली की पाळीनं एकेका घरी जायची. घरमालक झोपेत असतानाच कापडी पिशवी दाराच्या कडीला अडकवून यायची, अशी पद्धत पडली होती. हा झाला पहिला नियम.

दुसरा नियम बिरनाळे आण्णांचा. आण्णा म्हणजे जुने कापडवाले, बायको गेलेली, मुलगा बेंगळुरूला, घरात एकटेच. एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाइपवरून बागेत अशी भांडणं पेटली की एकमेकांची तोंडं बघेनात लोक. तेव्हा आण्णांनी सगळ्यांना हौदाजवळ बोलावलं आणि म्हणाले, "आमच्या जैनांत वर्षातनं एकदा सगळ्यांची क्षमा मागतात. तुम्हाला वर्षातनं एकदा पुरायचं नाही, तुम्ही रोज भांडता. म्हणून आजपासून असं करायचं. ज्यानं वेल राखला, त्यानं वेलाचं पहिलं फळ, ज्याचा राग येतो त्याच्या दारात अडकवायचं. नाव सांगायचं नाही, बेल वाजवायची नाही, मागनं विचारायचं नाही."

पिशवी तीच, कडी तीच. त्यामुळे पाळीची पिशवी कुठली आणि रागाची कुठली हे घेणाऱ्याला कळायचंच नाही. आण्णा म्हणायचे, कळायची गरजच काय, देणाऱ्याचा हात मोकळा झाला म्हणजे झालं. लोक आधी हसले. पण नियम टिकला, आणि बागही टिकली.

हौदाजवळचा तो वेल एस्तेर सिस्टरनी राखला होता. एस्तेर साळवे, मोठ्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. माझी बागेतली सगळ्यात जवळची मैत्रीण. पाणी घालायला आम्ही बरोबर, खुरपायला बरोबर, तुपातल्या शिऱ्यापासून सुनांपर्यंत सगळ्या गप्पा बरोबर. गप्पा मी मारायचे, त्या ऐकायच्या. त्यांच्या पोटातलं मला त्यांच्या आधी कळतं, असं मी छातीठोकपणे सांगायचे.

आदल्या संध्याकाळी त्यांनी दोन दुधी एकदमच काढले. नेहमीचा दुधी लांब असतो, हे दोन्ही खाली गोल, पोट सुटल्यासारखे. आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं. बी आमचंच होतं ना, गेल्या वर्षीच्या बागेतल्या वेलाचं धरलेलं.

"एक पहिलं म्हणून जाईल, एक पाळीनं," सिस्टर म्हणाल्या.

"पहिलं कुणाला हो देणार?" मी चेष्टा केली. "तुमचं तर मुंगीशीसुद्धा वाकडं नाही."

त्या हसल्या आणि पिशवीची गाठ मारत राहिल्या.

आता ती गाठ कुठल्या दारात सुटली, हे कसं शोधायचं? सिस्टरना फोन लावला, तो बंद. रविवार होता, त्या उपासनेला गेलेल्या. तेव्हा ग्रुपबिप काही नव्हते, की एक निरोप टाकला आणि तिन्ही गल्ल्यांना कळलं.

"मी आपल्या गल्लीतनं बेल वाजवत जातो," हे म्हणाले. शर्टाची बटणं वरखाली लागली होती, पण मी बोलले नाही.

"वाजवा. पण तो दुधी गेलाय रागाच्या घरी. सिस्टरचं कुणाशी बिनसलंय ते मला ठाऊक आहे. मी तिकडे जाते."

आणि खरंच मला वाटत होतं की मला ठाऊक आहे.

पहिली गेले चव्हाणांकडे. त्यांच्या धाकट्या सुनेनं, राजश्रीनं, दिवाळीच्या आधी गोधड्या धुऊन सरळ सिस्टरच्या पालकाच्या वाफ्यावर वाळत टाकल्या होत्या. पालक झोपला तो झोपलाच. सिस्टर तिला एक शब्द बोलल्या नाहीत, त्यांच्या वतीनं मीच चांगली खरडपट्टी काढली होती. त्यामुळे मला दारात बघून राजश्रीनं पदर सावरला.

"राजश्री, आज दारात पिशवी आली का? दुधीची?"

"नाही ओ काकू. का?"

"खरं सांग. पाळीची नाही, रागाची म्हणतेय मी."

"रागाची कशाला येईल? सिस्टर काही रागावल्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी आल्या, म्हणाल्या पालक परत येतो, गोधड्या नीट वाळल्या का." तिनं माझ्याकडे पाहिलं. "रागावला तुम्ही होता."

आत तिची सासू भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "मगदूमवहिनी, सिस्टरचं सगळं तुम्हालाच माहीत. आम्हाला काय विचारता?"

मी दुधीचं सांगितलं. कडू आहे, विषारी आहे, कुणाकडे गेलाय कळत नाही. राजश्रीनं हातातलं भांडं खाली ठेवलं, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "मागच्या गल्लीतली घरं मी बघते. तुम्ही पुढे जा." आणि ती खरंच धावत सुटली. जिची मी खरडपट्टी काढली होती, ती पोर. पण तेव्हा मला असलं काही सुचायला वेळ नव्हता. माझ्या डोळ्यासमोर कुणाचं तरी स्वयंपाकघर होतं, आणि कढईत तेल तापत होतं.

जमादारांचा इकबाल गल्लीच्या टोकाला रिक्षा धूत होता. याचं आणि सिस्टरचं पाण्यावरून वाजलं होतं. बागेच्या हौदातलं पाणी घेऊन यानं रिक्षा धुतली होती, ऐन एप्रिलमध्ये.

"इकबाल, दुधी आला का तुझ्या दारात?"

"आमच्या? नाही काकू. गेल्या खेपेला घेवडा आला होता पाळीचा."

"सिस्टरचा तुझ्यावर राग आहे ना?"

तो फडकं पिळत हसला. "राग होता तवा होता. अम्मीला महिनाभर रोज इंजेक्शन द्यायला सिस्टरच येत होत्या. एक रुपया घेतला नाही. आता कसला राग? झालंय काय पण?"

मी सांगितलं. हाही नाही, तीही नाही. मग कोण? सिस्टरच्या आयुष्यात असं कोण होतं, जे मला माहीत नव्हतं? कुणी नातेवाईक? कुणी दवाखान्यातलं? दुधी मिरजेच्या बाहेर गेला असेल तर? आतापर्यंत कुणाची न्याहारी झाली असेल?

तेवढ्यात हे आले, घामाघूम. "गल्ली झाली सगळी. दोन घरी कुलूप. जोशी गावाला गेलेत, आणि आण्णा जैन बस्तीत गेलेत अभिषेकाला. त्यांच्याकडे काय जायचं नाही म्हणा. आण्णांवर कोण रागावणार?"

"त्यांचं सोडा," मी म्हटलं.

त्यांचं सोडा. हे मी म्हटलं. माझ्या तोंडचे शब्द आहेत हे, आणि ते मी कधी विसरलेली नाही.

"बसा काकू," इकबाल म्हणाला. रिक्षाचा साबण अजून निघाला नव्हता. "चर्चला सोडतो. सिस्टरलाच विचारा."

रस्त्यात बाजार भरला होता. भाजीवाल्या बायका पाट्या घेऊन बसलेल्या, आणि एकीकडे दुध्यांचा हा ढीग. मी त्या ढिगाकडे बघेना. आमच्या ह्यांच्या खुळावरून मला हळूहळू एक शंका यायला लागली होती. निवृत्त झाल्यावर ह्यांनी तंबोरा बनवायचा ध्यास घेतला. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव, त्यामुळे असलं खूळ इथे लगेच लागतं. भोपळा तर घरचाच हवा म्हणून मंगळवेढ्याकडून तुंब्याचं बी आणलं आणि गेल्या वर्षी बागेत वेल चढवला. तुंबे आले हे एवढाले, कडूजहर, वाद्याशिवाय कशाच्या उपयोगाचे नाहीत. दुधी आणि तुंबा, जात एकच. संध्याकाळी दोघांची पांढरी फुलं शेजारी शेजारी उमलायची. पाखरांना काय, ती या फुलावरून त्या फुलावर. त्याच दुधीचं बी आम्ही कौतुकानं धरलं होतं. म्हणून ते पोट सुटलेलं होतं तर.

चर्चच्या पायरीवर मी सवयीनं चपला काढल्या. आत बघते तर सगळ्यांच्या पायांत. तशीच अनवाणी गेले. सगळे उभे राहून गीत म्हणत होते. सिस्टर डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, निळ्या काठाची पांढरी साडी. मी बाकात शिरून त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी न बघता गीताचं पुस्तक माझ्याकडे थोडं सरकवलं, आलेल्या कुणालाही सरकवतात तसं. मग माझे मळके पाय दिसले आणि त्यांनी वर पाहिलं.

"वहिनी? तुम्ही?"

"सिस्टर, हौदाजवळच्या वेलाचा पहिला दुधी कुणाच्या दारात अडकवलात?"

"ते सांगायचं नसतं," त्या कुजबुजल्या.

"आता सांगायचं असतं. कडू आहे तो. विषारी आहे."

त्यांनी पुस्तक मिटलं. "कशावरून?"

"आमच्या पाळीचा आला, तो मी चाखला. दोन्ही एकाच वेलाचे. चव्हाणांकडे नाही, इकबालकडे नाही. कुणाला दिलात ते लवकर बोला."

गीत संपलं. सगळे खाली बसले, आम्ही दोघीच उभ्या.

"तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"काय मला?"

"पहिला तुमच्या दारात अडकवला."

मला वाटलं, यांना माझा प्रश्न कळलाच नाही. "अहो पाळीचा नाही विचारत मी. रागाचा."

"तोच सांगतेय."

पुढच्या बाकावरची बाई मागे वळून बघायला लागली. माझ्या कानात काहीतरी गरम झाल्यासारखं झालं. लाज म्हणा, अपमान म्हणा. मी काहीतरी बोलणार होते, चांगलंच बोलणार होते, पण त्याआधी दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. माझ्याकडचा जर रागाचा होता, तर पाळीचा कुठे गेला?

"आमची पाळी नव्हती?"

"तुमच्या आधी आण्णांची. मागच्या खेपेला ते बाहुबलीच्या यात्रेला गेले होते, त्यांचा दोडका पुढच्या घरी दिला. म्हणून या वेळी..." सिस्टरचा हात तोंडाकडे गेला. "वहिनी, आण्णा रोज दुधीचा रस घेतात. बस्तीतनं आले की."

ते मलाही माहीत होतं. अख्ख्या गल्लीला माहीत होतं. कडुलिंबाचा रस, कारल्याचा रस, हृदयासाठी दुधीचा रस. कडू ते औषध, हे आण्णांचं पालुपद.

समोर प्रवचन देणारे पाळकसाहेब बोलायचे थांबले होते. सिस्टर बाकातून बाहेर पडल्या आणि मधल्या वाटेनं सरळ दाराकडे धावल्या. सत्तरीला टेकलेली बाई. मी मागे. चपला राहिल्या त्या राहिल्याच.

रिक्षात बसता बसता मी इकबालला कुणाची पिशवी कुठे गेली ते सांगितलं. इकबाल हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मी मनातल्या मनात बस्तीतल्या देवाला विनवत होते की आज अभिषेक लांबू दे, कुणीतरी पाहुणा महाराज येऊ दे, आण्णांना गप्पांत अडकवू दे. परक्या देवाला असं विनवणं बरं की वाईट, तेही सुचत नव्हतं.

आण्णांच्या दाराचं कुलूप निघालेलं होतं.

आत टेबलावर मिक्सरचं भांडं, उरलेला दुधीचा तुकडा आणि तळाला हिरवा फेस राहिलेला पेला. आण्णा खुर्चीत बसले होते, सोवळ्याचं धोतर तसंच, कपाळावर गंध. गंधावरून घाम ओघळत होता.

"या, या," ते म्हणाले. "दोघी एकदम? सिस्टर, तुमची प्रार्थना लवकर संपली."

"आण्णा, रस घेतलात?"

"घेतला की. आज जरा जास्तच कडू होता. म्हटलं बागेतला अस्सल माल, सोडायचा कशाला." त्यांनी पोटावर हात ठेवला. "पण मघापासनं कसंतरी..."

वाक्य पुरं झालं नाही. उलटी अशी झाली की खुर्चीसकट कलंडले. मी किंचाळले असेन. सिस्टर मात्र एकदम वेगळ्याच बाई झाल्या. बागेत मान खाली घालून खुरपणारी ती बाई नव्हतीच. आण्णांना कुशीवर वळवलं, मनगट धरलं, मला म्हणाल्या, "रडू नका. तो दुधीचा तुकडा फडक्यात बांधून घ्या, डॉक्टरना दाखवायला लागेल. इकबाल, पाय धर." मी फडकं शोधायला लागले तर त्या ओरडल्या, "पदर फाडा." मी फाडला.

दवाखान्यात आण्णांना आत नेलं तेव्हा त्यांच्या उलटीत लाल दिसायला लागलं होतं. ब्लडप्रेशर उतरत चाललंय, एवढंच आम्हाला कळलं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी तुकड्याचा वास घेतला, सिस्टरशी इंग्रजीत काही बोलले आणि दार लोटून घेतलं.

दुपारपर्यंत तिथल्या व्हरांड्यात अर्धी बाग जमली. राजश्री आली, तिची सासू भाकरीचं गाठोडं घेऊन आली, जी कुणी खाल्ली नाही. आमचे हे एका खांबाला टेकून उभे. "कुलूप बघून मी पुढे गेलो," एवढंच ते प्रत्येकाला सांगत होते. "थांबायला हवं होतं." त्यांना कुणी काही म्हणालं नाही. मीही नाही, आणि एरवी मी सोडत नाही.

शेवटी एकेक जण चहाला म्हणून खाली गेला आणि बाकड्यावर आम्ही दोघीच उरलो.

मला आण्णांची काळजी होती. देवाशप्पथ होती. पण दुसरंही काहीतरी टोचत होतं, आणि मी गप्प बसणारी नव्हे.

"माझा कसला राग?" मी विचारलं.

"आता नको वहिनी."

"आताच. आत तो माणूस मरणाच्या दारात आहे आणि मी सकाळपासनं गावभर तुमचा वैरी शोधत फिरतेय. दुनियेला विचारलं. कसला राग ते सांगा."

"हौदाजवळचा कोपरा," सिस्टर म्हणाल्या.

"कुठला कोपरा?"

"गेल्या वर्षी तुमच्या तुंब्याला दिला तो. मला तिथे शेवंती लावायची होती. माझ्या मिस्टरांच्या कबरीवर दर शनिवारी फुलं नेते मी, विकतची. स्वतः वाढवलेली न्यावी असं मनात होतं. बैठकीत सांगणार होते. तुम्ही आधीच म्हणालात, तो कोपरा आमच्या ह्यांना तुंब्यासाठी द्या, सिस्टरना चालेल."

मला आठवेचना. म्हणजे बैठक आठवत होती, तुंबा आठवत होता. 'सिस्टरना चालेल' आठवत नव्हतं. आठवणार कसं, ते मी रोज म्हणत असणार.

"मग बोलायचं होतं ना," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "मला काय स्वप्न पडतं? एक शब्द बोलला असता तर मी तुंबा उपटून फेकला असता. मैत्रीण म्हणवता ना?"

"बोलायला फट कुठे ठेवता तुम्ही?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "सिस्टरना चालेल, सिस्टरना गोड आवडत नाही, सिस्टर रागावत नाहीत. मला शिरा आवडतो वहिनी. खूप आवडतो. बारा वर्षं तुम्ही माझ्या ताटात कमी वाढता."

मला रडू आलं, आणि रडताना रागही आला, की असल्या वेळेला ही बाई शिऱ्याचं काढते.

"या वर्षी तो कोपरा रिकामा झाला तेव्हा तुम्हीच म्हणालात, सिस्टर तिथे दुधी लावतील," त्या म्हणाल्या. "लावला. रोज पाणी घातलं. पहिलं फळ कुणाला द्यायचं, मला विचार करावा लागला नाही. पण वहिनी, अडकवताना मी त्याला पदरानं पुसलं होतं. तो विषारी असेल हे मला..."

तेव्हा मला कळलं की सकाळपासून त्या कशाला घाबरल्या आहेत. आण्णांसाठी तर होत्याच. पण रागाच्या माणसाच्या दारात आपल्या हातानं विष ठेवून आलो, आणि उद्या कुणी म्हणालं की मुद्दाम ठेवलं तर? मीच म्हणाले तर?

"तुंबा आमचा होता," मी म्हटलं. "बी त्यानं बाटवलं. तुमच्या हातानं काही झालेलं नाही. आणि असं कुणी म्हणालं तर मी आहे."

"बघा," सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या, "परत माझ्या वतीनं बोलायला लागलात."

मी गप्प बसले. मग त्यांचा हात धरला. त्यांनी काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही. तशाच बसून राहिलो दोघी, दार उघडेपर्यंत.

आण्णा वाचले. रात्रभर काही खरं नव्हतं, मग ब्लडप्रेशर वर यायला लागलं. बेंगळुरूहून मुलगा आला, त्यानं बाग बंद करा म्हणून आकांडतांडव केलं. आण्णांनी पलंगावरूनच त्याला गप्प केलं. आम्ही भेटायला गेलो तर आवाज चिरका झालेला, अंगावरची रया गेलेली, पण डोळे मिचकावले.

"मला कळलं सगळं," म्हणाले. "कुणाची पिशवी कुणाच्या दारात ते. इकबाल बोलला. त्याच्या पोटात काही राहत नाही."

आम्ही दोघी खाली बघायला लागलो.

"नियम मोडायचा नाही," आण्णा म्हणाले. "पण त्यात एक राहून गेलं माझ्याकडून. राग असो नाहीतर लोभ असो, दुसऱ्याच्या दारात अडकवायच्या आधी स्वतः चाखायचं."

तेव्हापासून आमच्या बागेतला दुधी, काकडी, दोडका, जे काही दारात येतं त्याची देठाकडची एक चकती कापलेली असते. बाहेरच्यांना ते उष्टं वाटतं. आमच्याकडे न कापलेलं फळ कुणी घरात घेत नाही. बी आता दरसाल नवं आणतो. तुंबा वाळला, पण तंबोरा काही झाला नाही. माळ्यावर पडलाय, त्यात हे खिळे ठेवतात.

हौदाजवळच्या कोपऱ्यात शेवंती आहे. पुढच्या हंगामात माझ्या वेलाचं पहिलं फळ मी सिस्टरच्या दारात अडकवलं. मलाही राग होताच की, बारा वर्षं न बोलल्याचा. शिरा केला की ताटात जास्तीचा वाढते, आणि बोलायच्या आधी थांबायचं ठरवते. दहातल्या दोन वेळा जमतं. आण्णा पुढे सात वर्षं जगले, रस मात्र चाखून प्यायचे.

सिस्टर आता ऐंशीच्या पुढे गेल्या, काठी घेऊन बागेत येतात. त्यांच्या वेलाचा पहिला दुधी अजून दरसाल माझ्याच दारात येतो. पहाटे कडी वाजते, मी जागी असते, पण उठत नाही. अजून राग आहे का, की आता नुसती सवय झालीय, हे मी विचारत नाही, नियम आहे. पिशवीतून दुधी काढते, देठाकडे बघते. त्यांच्या हातची चकती कापलेली असते. मग मी माझी चकती न चाखताच विळी घेऊन बसते.